पोहायला शिकवायचं कुणी?

आपलं कॉलेज ज्या गावात आहे त्याची ओळख सांगताना आपण दोनच गोष्टी सांगतो, हळद आणि कृष्णा. हळदीचं ठीक आहे. पण कृष्णेत उतरायची वेळ आली तर आपल्यापैकी किती जणांना पोहता येईल? एका रात्री जेवणानंतर मी हा प्रश्न घेऊन लेडीज हॉस्टेलच्या आमच्या मजल्यावर दारोदार फिरले. उत्तरं तीन प्रकारची आली. पहिलं, "येतं की, थोडं थोडं" (म्हणजे येत नाही). दुसरं, "लहानपणी यायचं" (म्हणजेही येत नाही). आणि तिसरं, "आमच्या शेतात विहीर आहे" (यांना खरंच येतं, पण अशा मुली बोटावर मोजण्याइतक्या). बॉईज हॉस्टेलमध्ये तिसऱ्या प्रकारचे जरा जास्त असतील, पण पहिल्या प्रकारचेही तिथेच जास्त सापडतील अशी मला शंका आहे.

तर मंडळी, मग मी शोधायला लागले की आपल्या देशात लोकांना पोहायला शिकवणं हे नक्की कुणाचं काम आहे.

पोहण्याच्या खेळाची आपली राष्ट्रीय संस्था म्हणजे स्विमिंग फेडरेशन ऑफ इंडिया, भारतीय जलतरण महासंघ. जगात या खेळाची सर्वोच्च संस्था म्हणजे वर्ल्ड अॅक्वाटिक्स. १९०८ साली लंडनमध्ये ती फिना या नावाने सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिने नाव बदललं. आपला महासंघ तिला संलग्न आहे. महासंघाच्या खाली प्रत्येक राज्याची संघटना, आपल्याकडे महाराष्ट्र राज्य हौशी जलतरण संघटना, तिच्या खाली जिल्हा संघटना आणि सगळ्यात खाली क्लब. नुसतं पोहणं नाही, तर डायव्हिंग, वॉटर पोलो, आर्टिस्टिक स्विमिंग आणि समुद्रात किंवा मोठ्या तलावात लांब अंतर पोहणं, हे सगळं याच छत्राखाली येतं. (सांगलीच्या होड्यांच्या शर्यती मात्र येत नाहीत. तो पाण्यावरचा खेळ, हा पाण्यातला!)

नाव ऐकून कुणालाही वाटेल की महासंघ म्हणजे पोहायला शिकवणारी संस्था. पण आपल्या भाषेत सांगायचं तर महासंघ म्हणजे युनिव्हर्सिटी. युनिव्हर्सिटी कुणाला बेरीज-वजाबाकी शिकवत नाही. ती सिलॅबस ठरवते, कॉलेजांना संलग्नता देते, परीक्षा घेते, निकाल लावते. महासंघही तेच करतो. राज्य संघटनांना मान्यता देतो, सिनियर, ज्युनियर आणि सब-ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा भरवतो, आशियाई आणि जागतिक स्पर्धांसाठी संघ निवडतो. आपल्याला जसा पीआरएन नंबर, तसा स्पर्धक जलतरणपटूला महासंघाचा यूआयडी. ज्युनियरमध्ये गट वयाप्रमाणे असतात, १५ ते १७ वर्षांचा पहिला, १२ ते १४ चा दुसरा, आणि त्याहून लहान मुलं सब-ज्युनियरमध्ये. म्हणजे आपण थर्ड इयरवाले या हिशोबात केव्हाच 'पास आऊट' झालो. आपली परीक्षा आता एकदम सिनियरची!

मग शिक्षणाला महासंघाची मदत कुठे होते? मुख्यतः शिकवणाऱ्यांना शिकवण्यात. जागतिक संस्था आपल्या तज्ज्ञांना देशोदेशी पाठवून प्रशिक्षकांची शिबिरं घेते, आणि ती मागवून भरवणं हे राष्ट्रीय महासंघाचं काम असतं. स्पर्धेतले पंच, टर्न बघणारे, स्ट्रोक बघणारे यांचीही तयारी करून घ्यावी लागते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागले की नाही हे बघायला माणूस तयार असावा लागतो, त्याशिवाय स्पर्धा म्हणजे नुसती जत्रा. प्रशिक्षकाचा डिप्लोमा मात्र महासंघ देत नाही. तो पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, आपण ज्याला 'एनआयएस केलेला कोच' म्हणतो तो. पैशाचा मोठा भाग केंद्र सरकारच्या क्रीडा मंत्रालयाकडून येतो. महासंघाने वर्षभराच्या शिबिरांचं आणि स्पर्धांचं कॅलेंडर करून द्यायचं आणि त्यावर मंजुरी घ्यायची. थोडक्यात, आपल्या गॅदरिंगच्या बजेटसारखंच, फक्त शून्यं जास्त.

वर पोहोचलेल्यांसाठी जागतिक संस्थेच्या स्कॉलरशिपही आहेत. केरळचा साजन प्रकाश अशाच स्कॉलरशिपवर थायलंडमध्ये फुकेतला सराव करत होता. २०२१ च्या जूनमध्ये रोमला त्याने २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पार केली आणि ऑलिम्पिकचा 'ए' दर्जाचा वेळ गाठणारा तो पहिला भारतीय ठरला. लगोलग बंगळुरूच्या श्रीहरी नटराजनेही तो गाठला. त्याआधी आपले जलतरणपटू ऑलिम्पिकला जायचे ते बहुतेक खालच्या दर्जाच्या वेळेवर किंवा 'युनिव्हर्सॅलिटी'च्या जागेवर. ज्या देशाचं कुणी पात्र ठरत नाही त्याला एक मुलगा आणि एक मुलगी पाठवता येते, अशी ती सोय. २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा तेच झालं. श्रीहरी आणि १४ वर्षांची धिनिधी देसिंघू, दोघंही याच सोयीतून गेले. एकशे चाळीस कोटींच्या देशाला ग्रेस मार्क लागतात, हे मला तरी जिव्हारी लागतं.

आता जरा जवळ येऊ. कोल्हापूरचा वीरधवल खाडे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २००८ ला बीजिंग ऑलिम्पिक, २०१० ला ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ. १९८६ च्या खजानसिंगच्या सिल्व्हरनंतर २४ वर्षांनी पोहण्यात आपल्याला मिळालेलं ते पहिलं आशियाई पदक. नंतर तो तहसीलदार झाला, आणि २०१८ ला जकार्तात परत उतरला. ५० मीटर फ्रीस्टाईलच्या हीटमध्ये २२.४३ सेकंद, राष्ट्रीय विक्रम. फायनलमध्ये २२.४७. ब्राँझवाल्याचे २२.४६. एक शतांश सेकंद!

इंजिनियर म्हणून इथे थांबायलाच पाहिजे. एक शतांशपर्यंत मोजतात, मग एक सहस्रांशपर्यंत का नाही? घड्याळाला ते सहज जमतं. जमत नाही ते सिव्हिलवाल्यांना! सेकंदाला सव्वादोन मीटर वेगाने जाणारा माणूस एक सहस्रांश सेकंदात सव्वादोन मिलिमीटर जातो. आणि नियमाप्रमाणे ५० मीटरच्या टँकमध्ये एका लेनची लांबी १० मिलिमीटरपर्यंत जास्त चालते. म्हणजे शेजारच्या लेनचं काँक्रीटच तुमच्यापेक्षा चार सहस्रांश लांब असू शकतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर मेडलेचं गोल्ड दोन सहस्रांश सेकंदांनी ठरलं. स्वीडनचा गुन्नार लार्सन जिंकला, अमेरिकेचा टिम मॅकी हरला. फरक साधारण ३ मिलिमीटरचा. त्यानंतर शतांशावर थांबायचं ठरलं, आणि बरोबरी झाली तर दोघांनाही पदक.

१९७२ हे साल आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीनेही मोठं आहे, आणि ते मात्र आपल्यापैकी निम्म्यांना सिनेमा आल्यावर कळलं. मुरलीकांत पेटकर. पेठ-इस्लामपूरकडचे (इस्लामपूर म्हणजे आताचं ईश्वरपूर). पुण्याला जाताना पेठनाक्यावर आपली एसटी थांबते, तिथला माणूस! सैन्यात ईएमईमध्ये जवान, मूळचे बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर कायमचं अधू झालं. उपचार म्हणून पाण्यात उतरले. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह सुवर्णपदक. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. लक्षात घ्या, ऑलिम्पिकमध्ये आपल्याला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळालं ते २००८ मध्ये. तेव्हा आपल्याकडे अपंग खेळाडूंची राष्ट्रीय समितीही नव्हती. तिकिटांपासूनची मदत क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने केली. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि अर्जुन पुरस्कार, तोही जीवनगौरव म्हणून, जानेवारी २०२५ मध्ये. ५२ वर्षं! संस्था नसते तेव्हा काय होतं, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही. आणि मदत करणाऱ्या एका माणसाने काय होतं, याचंही.

पण पेटकर असोत की वीरधवल, त्यांना पोहायला महासंघाने शिकवलं नव्हतं. महासंघाचं दार लागतं ते पोहता यायला लागल्यावर. त्याआधीच्या पायऱ्या कुणाच्या?

आपल्याकडे त्या विहिरीच्या होत्या. मी साताऱ्याची. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एस फॉर स्विमिंग होतं, पण टँक नव्हता. त्यामुळे माझं पोहणं म्हणजे आठवीच्या सुट्टीतला २१ दिवसांचा समर कॅम्प, त्यातले पहिले आठ दिवस कठडा धरून पाय मारण्यात गेलेले. आजोबांचं शिक्षण मात्र विहिरीतलं. ते सांगतात, पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधायचे, नंतर पत्र्याचा रिकामा डबा आला, त्याच्यानंतर ट्यूब. वर थोरला कुणीतरी दोर धरून उभा. पहिल्या दिवशी ढकलून देणार, हे ठरलेलंच. मग हळूहळू भोपळा सैल करायचा, आणि एक दिवस पोराला न सांगता सोडून घ्यायचा. मग उताणं पोहणं, उभं पोहणं, बुडी मारून तळातली माती वर आणून दाखवणं, सूर, आणि सगळ्यात शेवटी काठावरच्यांना भिजवणारा मुटका. मी त्यांना म्हटलं, "आजोबा, हा तर प्रॉपर सिलॅबस आहे." ते म्हणाले, "सिलॅबस न्हाई, भीती घालवायची असती. पाणी काय करत न्हाई, घाबरलेलं माणूसच सोताला बुडवतंय."

गंमत म्हणजे इंग्लंडमधला सिलॅबस फार वेगळा नाही. तिथे पोहण्याची राष्ट्रीय संस्था (आता तिचं नाव स्विम इंग्लंड, मुळात ती १८६९ ची) शिकण्याच्या पायऱ्या ठरवून देते. प्रत्येक पायरीला बॅज. सुरुवात पाण्यात आरामात उतरण्यापासून, मग तरंगणं, मग पाय, मग स्ट्रोक. आणि हे नुसतं हौशी मुलांसाठी नाही. सरकारी अभ्यासक्रमातच लिहिलंय की प्राथमिक शाळा संपेपर्यंत, म्हणजे अकराव्या वर्षापर्यंत, प्रत्येक मुलाला २५ मीटर पोहता आलं पाहिजे आणि पाण्यात स्वतःचा जीव वाचवता आला पाहिजे. तिथली सगळी मुलं ते करतात असं नाही, पण निदान न जमल्याची जबाबदारी कुणाची हे तरी ठरलेलं आहे. आपल्याकडे दहावीच्या निकालात जिल्हा-राज्य खेळलेल्याला क्रीडा गुण मिळतात, नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. म्हणजे जिंकणाऱ्याला बक्षीस आहे. न बुडणाऱ्याला काही नाही!

विहिरीची शाळा आता बंद पडत चालली आहे. उन्हाळ्यात पाणीच नसतं, जिथे आहे तिथे मोटारी आणि वायरी, आणि नव्या पिढीची शेतं बोअरवर. लिंबची बारा मोटेची विहीर बघायला आपण जातो ते फोटो काढायला. आणि खरं सांगायचं तर त्या शाळेत मुलींना प्रवेश तसा कमीच होता. आमच्या आजीचं सगळं आयुष्य नदीकाठच्या गावात गेलं, कृष्णेवर हजारदा धुणं धुतलं, पण कमरेच्या वर पाण्यात ती कधी गेली नाही.

मग टँक बांधा, असं म्हणणं सोपं आहे. हिशोब करू. ऑलिम्पिक मापाचा टँक ५० मीटर बाय २५ मीटर, खोली दोन मीटर धरली तर २५ लाख लिटर पाणी. शिवाय फिल्टर प्लँट, क्लोरीन, पंपाचं लाईट बिल. आपल्याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात टँकर मोजून पाणी दिलेलं आपण बघितलं आहे. तिथल्या मुलाला २५ लाख लिटरची गोष्ट सांगायला तोंड होणार नाही. पण शिकायला ऑलिम्पिकचा टँक लागतो कुठे? १२ मीटर बाय ६ मीटर, एक मीटर खोल हौद म्हणजे ७२ हजार लिटर, दहा हजार लिटरचे सात-आठ टँकर. फिल्टर लावला तर तेच पाणी महिनोन्महिने चालतं. आणि बांगलादेशाने तर तेही केलं नाही. त्यांच्या स्विमसेफ कार्यक्रमात गावच्याच तळ्यात बांबूचा पिंजऱ्यासारखा मांडव उभा करतात. खाली बांबूचं तळ, बाजूला बांबूचा कठडा, त्यात गावातलाच प्रशिक्षित माणूस पोरांना शिकवतो. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की सहा वर्षांपुढच्या मुलांना शाळेच्या वयातच पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा.

हे सांगायला आरोग्य संघटना का लागते? कारण जगात २०२१ या एका वर्षात अंदाजे तीन लाख माणसं बुडून गेली, त्यातली निम्म्याहून जास्त तिशीच्या आतली. भारतात २०२२ च्या सरकारी नोंदींत बुडून गेलेल्यांचा आकडा ३८ हजारांच्या वर आहे आणि त्यात महाराष्ट्र वरच्या नंबरांत. आपल्याला आकडे सांगायची गरज नाही म्हणा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५). ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. डझनाहून जास्त माणसं गेली, बायका आणि लहान मुलं त्यात होती. त्या भागातली मुलं-मुली आपल्या वर्गात आहेत, त्यामुळे यावर मी जास्त लिहीत नाही.

एक मात्र लिहायलाच हवं. पोहता येणं म्हणजे पुरात उडी मारायचं लायसन नव्हे. वीरधवलचा राष्ट्रीय विक्रमाचा वेग सेकंदाला २.२३ मीटर. पुरात मध्यधारेचं पाणी सेकंदाला दोन-तीन मीटरने जाणं काही विशेष नाही. म्हणजे देशातला सगळ्यात वेगवान माणूस जीव तोडून उलटा पोहला तर फार तर जागच्या जागी राहील, तेही २० सेकंद. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी पॉवर घनाने, हे फ्लुइड मेकॅनिक्समध्ये लिहून आपण मार्क मिळवलेत. आपल्यासारखा समर कॅम्पवाला सेकंदाला ०.८ मीटरने जातो. पाणी २.५ मीटरने वाहत असेल तर २०० मीटर रुंद पात्र सरळ ओलांडायला २५० सेकंद, आणि तोवर तो ६२५ मीटर खाली गेलेला असतो. म्हणून जुनी माणसं सांगतात, धारेशी भांडू नको, तिरका जा.

दुसरं म्हणजे बंधारा. केटी म्हटलं की आपल्याला वेगळंच आठवतं, पण कोल्हापूर पद्धतीचा केटी बंधारा त्याहून वाईट! बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली जाऊन उलटं फिरतं आणि वरचा थर परत बंधाऱ्याकडेच येतो. लॅबमधल्या फ्ल्यूममध्ये हायड्रॉलिक जंप बघताना थर्माकोलचा तुकडा तिथेच गरागरा फिरत राहतो, तो पुढे जातच नाही. माणसाचंही तेच होतं. त्यात पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले, म्हणजे घनता कमी, म्हणजे तरंगणंही कमी. वरून बघताना ते पाणी जेमतेम कमरेएवढं दिसतं, आणि सहलीला गेलेली मुलं नेमकी तिथेच भिजायला उतरतात.

बुडणाऱ्याला वाचवायचं शिक्षण हा महासंघाचा विषय नाही. त्याला वेगळी संस्था आहे, राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी, आणि ती आपल्या पुण्यातली. तिच्या शिकवणीचं सार जगभर सारखंच आहे. आधी ओरडा, मग काठी किंवा ओढणी पुढे करा, मग दोर, रिकामा कॅन, काहीही तरंगणारं फेका. स्वतः उडी शेवटी, आणि तीही शिकलेल्यानेच. छाती हवेने भरलेली असताना माणसाची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी असते, आणि श्वास सोडला की किंचित जास्त. म्हणून ओरडत हात वर केलेला माणूस खाली जातो आणि कान पाण्यात बुडवून उताणा पडलेला वर राहतो. आजोबांचं वाक्य आणि आर्किमिडीजचं तत्त्व एकच!

आता आपल्यापुरतं. नव्या शैक्षणिक धोरणात को-करिक्युलर विषयांना क्रेडिट आहेत. त्यात योगा चालतो, एनएसएस चालतं, तर पोहणं का नाही? आम्ही चौघींनी जिमखान्याकडे अर्ज लिहिला आहे. गावातल्या टँकशी बोलून सकाळी साडेसहाच्या दोन बॅच, त्यातली एक फक्त मुलींची, शिकवणारा डिप्लोमा असलेला, आणि शेवटी परीक्षा इंग्लंडमधल्या अकरा वर्षांच्या पोराएवढीच, २५ मीटर पोहणं आणि पाच मिनिटं तरंगणं. स्टाफलाही येता येईल असं त्यात मुद्दाम लिहिलं आहे, कारण व्हायवाला एक्स्टर्नलसमोर आपण जसे बुडतो तसे सर कठड्याला धरून पाय मारताना बघायची माझी फार इच्छा आहे. अर्जावर अजून सह्या हव्या आहेत. कागद दोन्ही मेसच्या नोटीस बोर्डाशेजारी लावला आहे, पेन मात्र आपापलं आणा, पहिली दोन गेली.